शिवाजीनगरचा घोडेस्वार

पुण्यात पुतळ्यांना तोटा नाही. मंडईत लोकमान्य टिळक, तर शनिवारवाड्यासमोरच्या पटांगणात घोड्यावर पहिले बाजीराव. चौथीच्या मुलांची सहल घेऊन आम्ही गावाकडून आलो, तेव्हा वाडा पाहून मुद्दाम शिवाजीनगरला गेलो. तिथल्या श्री शिवाजी प्रिपरेटरी मिलिटरी स्कूलच्या आवारात शिवाजी महाराजांचा अश्वारूढ पुतळा आहे. चौथीच्या इतिहासात वर्षभर महाराजच असतात ना! मुलं आधी हात जोडून गप्प उभी राहिली. मग सुरू झाले प्रश्न.

"बाई, घोड्याचा पाय वर असला की स्वार लढाईत जखमी झालेला असतो ना?" हे बऱ्याच जणांनी ऐकलेलं असतं. पण असा काही नियम नाही बरं का! घोडा कसा उभा करायचा ते शिल्पकार ठरवतो.

एका मुलीच्या घरी दरवर्षी गणपती करतात. ती म्हणाली, "बाई, हा केला कुणी?"

विनायक पांडुरंग करमरकर, म्हणजे नानासाहेब करमरकर यांनी. अलिबागजवळच्या सासवने गावी 1891 साली ते जन्मले. त्यांच्याही घरी गणपती व्हायचे. लहानपणी त्यांनी देवळाच्या भिंतीवर महाराजांचं चित्र काढलं. ते कलेक्टर ओटो रॉथफिल्ड यांच्या नजरेस पडलं आणि त्यांनी या मुलाला मुंबईच्या जे. जे. कलाशाळेत धाडलं. (शाळेची भिंत रंगवणाऱ्यांनी यातून भलता अर्थ काढू नये!)

हा पुतळा व्हावा म्हणून पुढाकार घेतला कोल्हापूरच्या शाहू महाराजांनी. 1921 मध्ये पायाभरणी झाली, पण पुढच्याच वर्षी ते वारले. पुतळा काही त्यांना पाहायला मिळाला नाही.

पुतळा साडेतेरा फूट उंच आणि वजन सुमारे 8 टन! म्हणजे तुमच्यासारखी 300 मुलं एका पारड्यात बसवा. आधी मातीचा घोडा आणि स्वार घडवायचा, त्यावरून साचा काढायचा आणि त्यात तांबं-कथलाचा तापलेला रस ओतायचा. एवढे मोठे पुतळे सहसा तुकड्यातुकड्यांनी ओतून जोडतात. करमरकरांनी मात्र तो मुंबईत माझगावला एकसंध ओतवून घेतला. रस मध्येच थांबला, थंड झाला, तर तिथे फट पडायची आणि सगळी मेहनत पाण्यात! तिथून पुतळा रेल्वेने घाट चढून पुण्याला आला आणि 16 जून 1928 ला गव्हर्नर लेस्ली विल्सन यांनी त्याचं अनावरण केलं.

हे ऐकून ती मुलगी पुतळ्याला एक प्रदक्षिणा घालून आली. "बाई, कुठे सांधा दिसत नाही," म्हणाली.

नानासाहेब 1967 मध्ये वारले. सासवन्याला त्यांच्या घरात आता त्यांच्या शिल्पांचं संग्रहालय आहे. तिथली म्हैस पाहून घ्या. सिमेंटची आहे, पण लांबून पाहणारा फसतोच.