उन्हाळ्यातला बर्फ



सुट्टी जवळ आली की तुमची एकच मागणी असते : ‘सर, सहल बर्फात न्या!’ इंदूरच्या उन्हात वाढलेल्या मुलांची ही हौस आम्ही समजू शकतो. पण थंडी सरली म्हणजे बर्फाचा धोकाही सरला, असे मात्र नाही.

रात्री गोठून घट्ट झालेला बर्फ दुपारच्या उन्हात भिजतो. पाणी आतल्या थरांत झिरपते, थरांची एकमेकांवरची पकड सुटते आणि बर्फ उतारावरून कोसळतो. हेच हिमस्खलन. ३० ते ४५ अंशांचे उतार सर्वांत धोक्याचे. म्हणून जाणकार गिर्यारोहक अशी जागा पहाटेच ओलांडतात. आपण सपाट रस्त्यावर असलो, तरी वरचा उतार पाहायलाच हवा.

४ एप्रिल २०२३ रोजी सिक्कीममध्ये नथू ला रस्त्यावर दुपारी हिमस्खलन होऊन ७ पर्यटक दगावले. परवाना १३व्या मैलापर्यंतच असताना लोक पुढे गेले होते, असे तेथील पोलिसांनी सांगितले.

सहल आम्ही जरूर नेऊ. पण तिथला माणूस ‘थांबा’ म्हणेल तिथे आपली शाळा थांबेल. पालकहो, त्या वेळी मुलांच्या हट्टाला नव्हे, आम्हाला साथ द्या.