गच्चीवरची नांद

कोलकात्यात साचलेल्या पाण्याकडे संशयाने पाहिले जाते, आणि ते रास्तच आहे. हिवतापाच्या परजीवीचा डासातील प्रवास रोनाल्ड रॉस यांनी १८९८ साली पक्ष्यांवर प्रयोग करून याच नगरीत उलगडला. आणि रक्तस्रावी डेंग्यूची भारतातील पहिली मोठी साथ १९६३ साली येथेच उद्भवली. अशा नगरीत, ऐन चैत्रात, सरकारी निवासाच्या सामाईक गच्चीवर उघड्या पाण्याची नांद मांडून तीत मासे पाळण्याचा संकल्प आम्ही सोडला, तेव्हा खालच्या मजल्यावरील बौदींनी विरोध केला, यात नवल नव्हते. गेल्या पूजेच्या दिवसांत त्यांची कन्या डेंग्यूने नऊ दिवस रुग्णालयात होती. त्या माउलीशी वाद घालण्याची आमची प्राज्ञा नव्हती. अखेर तह झाला : पाण्यात डासाची एक जरी अळी दिसली, तरी नांद त्याच दिवशी गटारात रिकामी होईल.

गालिफ स्ट्रीटवर रविवारी सकाळी पाखरे, रोपटी आणि मासे यांचा बाजार भरतो. तेथे काचेच्या पेट्यांतून परदेशी मासे झळकत होते. आम्हांला मात्र बंगालच्याच डबक्यांतले मासे हवे होते. विक्रेत्याने आमच्याकडे कीव आल्यासारखे पाहिले. ज्या प्रांतात मासा म्हटला की मोहरीचा वास आठवतो, तेथे तो नुसता पाहण्यासाठी नेणारा मराठी कारकून त्याला विक्षिप्तच वाटला असावा!

आम्ही सहा तेचोखो आणि लाल खोलशाची एक जोडी घेतली. तेचोखो म्हणजे तीन डोळ्यांचा. त्याच्या माथ्यावर रुपेरी ठिपका चमकतो, तोच तिसरा डोळा. कलकत्त्याच्या वनस्पतिउद्यानाचे काही काळ अधीक्षक असलेले फ्रान्सिस हॅमिल्टन यांनी १८२२ साली गंगेच्या माशांवरील आपल्या ग्रंथात त्याचे शास्त्रीय वर्णन केले. हा बोटाएवढा जीव पाण्याच्या पृष्ठभागाशी टपून असतो, आणि डासाच्या अळ्या हे त्याचे पक्वान्न. आमच्या बाजूने साक्ष देण्यास याहून योग्य साक्षीदार कोण मिळणार?

नांद मातीची, बिनझिलईची निवडली. ती किंचित पाझरते, म्हणून पाणी गार राहते. उन्हाळ्यात हे फार महत्त्वाचे, कारण वीस अंशांच्या पाण्यात लिटरमागे सुमारे नऊ मिलिग्रॅम प्राणवायू विरघळतो, तर तीस अंशांना साडेसातच. खोलशाला त्याची फारशी पर्वा नसते; तो वर येऊन थेट हवेतून श्वास घेतो. नांद टाकीच्या पूर्वेला ठेवली, म्हणजे सकाळचे कोवळे ऊन मिळते आणि दुपारी सावली. नळाच्या पाण्यातील क्लोरीन जावा म्हणून ते दोन दिवस उघडे ठेवले. त्यावर, बौदींच्या समाधानासाठी, पातळ फडके बांधले. तळाशी वाळू, तीत झांजी, वर टोपापान्याची हिरवी फुले. काठाखाली चार बोटांवर एक भोक पाडून त्याला जाळी लावली. कालबैशाखीचे वादळ अर्ध्या तासात नांद काठोकाठ भरते, आणि भोक नसेल तर मासे गच्चीवर वाहून येतात.

उष्ण दिवसांत डासाच्या अळीचा डास व्हायला आठवडा-दहा दिवस पुरतात. म्हणून पहिले दहा दिवस बौदी रोज संध्याकाळी विजेरी घेऊन वर येत. महापालिकेचा आरोग्य कर्मचारीही येऊन वाकून पाहून गेला. अळी कुणालाच दिसली नाही. शेजारच्या कुंडीखालच्या बशीत मात्र तीन सापडल्या. ती कुंडी बौदींचीच होती. आम्ही सभ्यपणे गप्प राहिलो, आणि त्यांनी त्या अळ्या स्वतःच्या हाताने तेचोखोंना वाढल्या.

ज्येष्ठात खोलशाच्या नराने टोपापान्याखाली बुडबुड्यांचे घरटे बांधले. निळ्या-तांबड्या पट्ट्यांचा तो चिमुकला गृहस्थ मादीलाही जवळ फिरकू देईना. दीड दिवसात पिल्ले बाहेर पडली. पण जी जिव्हा अळ्यांना सोडत नाही, ती पिलांना कशी सोडणार? तेचोखोंनी बहुतेक फस्त केली. झांजीच्या जाळीत दडलेली अकरा तेवढी वाचली. ही मोजदाद बौदींच्या कन्येची. रोगाने खंगलेली ती मुलगी आता शाळेतून येताच प्रथम गच्ची गाठते.

या कार्यालयात आमचे तिसरे वर्ष चालू आहे, आणि बदलीच्या नोकरीत तिसऱ्या वर्षाचा अर्थ वाचकांस सांगावयास नको. नांद सामानाबरोबर न्यायची नाही, अशी ताकीद बौदींनी आताच देऊन ठेवली आहे. त्यांच्या कन्येने तर नांदेच्या काठावर खडूने आपले नावही लिहून टाकले आहे.