आजचा पाव

१० सप्टेंबर २०१२ला गोवा सरकारने खाणी बंद केल्या, ऑक्टोबरात सर्वोच्च न्यायालयाचाही आदेश आला, आणि माझा खनिज वाहणारा टिप्पर डिचोलीत घराशेजारी उभा राहिला तो राहिलाच. पावसाळ्यात चाकांभोवती गवत वाढलं. कर्जाचे हप्ते अजून बरेच बाकी होते. रात्री घरात तेर्स, म्हणजे जपमाळेची प्रार्थना, व्हायची. ओठांवर नमान मरिये असायचं आणि मनात आकडे: पुढचा महिना, पुढचं वर्ष, मुलीची शाळा.

सकाळी पोदेराचा, म्हणजे पाववाल्याचा, भोंगा वाजला की माझी पाच वर्षांची लेक कापडी पिशवी घेऊन धावायची. एकदा मी तिला दारातच अडवलं. पोदेराची पंधरा दिवसांची उधारी झाली होती.

“आज नको,” मी म्हटलं.

“पण पपा, तो आयला मरे!”

तिच्या हिशेबात दोनच गोष्टी होत्या. पोदेर आला आहे आणि पपा घरात आहेत. मग पाव मिळणारच.

मी तिच्या मागोमाग गेलो. पैशांना वेळ लागेल, हे सांगताना माझी मान वर होत नव्हती. पोदेराने टोपलीवरचं निळं प्लास्टिक सारलं, कोंडा लागलेल्या चार गरम पोई पिशवीत टाकल्या, एक काकण, बांगडीसारखा गोल पाव, लेकीच्या मनगटात अडकवलं. “फाल्यां पळोवया,” उद्या बघू, म्हणून सायकलवर टांग मारली.

बायबलमधला मान्ना, रानात इस्राएल लोकांना देवाने दिलेलं अन्न, मला त्या सकाळी कळला. तो ज्या त्या दिवसापुरताच गोळा करायचा. उद्यासाठी राखून ठेवलेल्यात किडे पडत. येशूने शिकवलेल्या प्रार्थनेतही भाकर मागितली आहे ती आजची. लहानपणापासून ही प्रार्थना मी म्हणत आलो, पण मागत मात्र होतो पुढच्या दहा वर्षांची हमी. आणि देवाकडे मागायचं तर माणसांपुढे हात पसरायची लाज का धरावी? लेकराला ती लाज नसते. बालकांसारखे व्हा, या सांगण्यात हेही आलं, असं मला मनापासून वाटतं.

त्या रविवारी चर्चमध्ये मीस संपल्यावर मी पेडण्याची वाट धरली. हरमलला मेहुण्याच्या अंगणात बसून त्याला सगळं सांगितलं. आजवर त्याच्यापुढे मोठेपणाच मिरवला होता. त्याने निम्मं ऐकलं आणि पिकअपची चावी हातात ठेवली. दुसऱ्या पहाटेपासून मी हरमलची मासळी म्हापशाच्या बाजारात पोचवू लागलो.

टिप्पर तोट्यात विकावा लागला. कर्ज फिटायला सहा वर्षं गेली. आता रात्रीच्या तेर्सेनंतर मी एकच मागतो, एका दिवसापुरतं. लेक कॉलेजात जाते. सकाळी भोंगा वाजला की पिशवी घेऊन बाहेर पडते ती अजूनही तीच.