स्कॅनच्या आधीचा निर्णय

रोवणी सुरू झाली की तिरोड्यात कंबर, पिंढऱ्या, पाठ धरून येणाऱ्या बायांची रीघ लागते. दिवसभर चिखलात वाकायचं तर दुखणारच, असं त्याही म्हणतात आणि घरचेही. मी तरी विचारतोच, मुतखडा झाला होता का? तहान फार लागते का? पोट साफ होतं का? होकार आला की रक्तातलं कॅल्शियम तपासायला लावतो.

ते ११.४, म्हणजे जास्त आलं म्हणून घाई करायची नाही. दंडाला पट्टा फार वेळ बांधला तरी आकडा थोडा फुगतो. त्यामुळे नमुना पुन्हा, सोबत अल्ब्युमिन. मग औषधांची पिशवी टेबलावर रिकामी करायची. रक्तदाबाच्या गोळीत कॅल्शियम चढवणारं थायाझाइड आहे का? अंगदुखीवर ‘ताकदीची सुई’ म्हणून सहा लाख युनिटांचं ड जीवनसत्त्व कितीदा टोचलं? सुयांनी चढलेलं कॅल्शियम सुया थांबवून, सलाइन आणि औषधं देऊन उतरवायचं असतं. तिथे ऑपरेशनचं काम नाही.

नंतर पीटीएच, म्हणजे पॅराथायरॉइड ग्रंथींचं संप्रेरक. कॅल्शियम चढलं की हे संप्रेरक दबायला हवं. दबलेलं असेल तर कर्करोग, क्षय यांचा शोध घ्यावा लागतो. पण ते नुसतं ‘नॉर्मल’ छापून आलं, तरी माझा संशय पॅराथायरॉइडवरच जातो. रिपोर्टवर खूण नसते, म्हणून हे नजरेतून सुटतं, याची मला फार खंत वाटते.

थायरॉइडमागच्या या चार ग्रंथी तांदळाच्या दाण्याएवढ्या. बहुधा एकच वाढते. खडे झाले, हाड मोडलं, तर ती काढावी. काही त्रास नसला तरी वय पन्नाशीच्या आत, कॅल्शियम वरच्या मर्यादेहून १ मिलिग्रॅमपेक्षा जास्त, हाडांचा टी-स्कोअर उणे २.५ किंवा खाली, किंवा मूत्रपिंड मंदावलेलं, यातलं एकही पुरेसं आहे. स्कॅनमध्ये गाठ दिसली नाही म्हणून लोक निश्चिंत होतात. स्कॅन जागा दाखवतो. ऑपरेशन हवं की नको, हे रक्त, हाडं आणि मूत्रपिंडावरून ठरतं. याच आजाराचे अमेरिकेतले रुग्ण कॅप्टन चार्ल्स मार्टेल यांची गाठ १९३२ मध्ये सातव्या शस्त्रक्रियेत सापडली, तीही छातीत. तोवर मूत्रपिंडं खराब झाली होती.

नागपूरहून ऑपरेशन करून परतणाऱ्यांना मी बजावतो: ओठांभोवती, बोटांत मुंग्या आल्या तर सकाळची वाट पाहू नका. इतकी वर्षं झिजलेली हाडं आता रक्तातलं कॅल्शियम ओढून घेतात. रात्र असली तरी दवाखाना गाठा.