एका पोस्टिंगमध्ये न मावणारा रुग्ण

डॉक्टरकी शिकलेल्या प्रत्येकाला पोस्टिंगचे वेळापत्रक तोंडपाठ असते. काही आठवडे मेडिसिन, मग सर्जरी, मग स्त्रीरोग, मग बालरोग. विद्यार्थी वॉर्डात रुळतो न रुळतो तोच पोस्टिंग संपते. रुग्ण मात्र आपल्या दुखण्यासह मागेच राहतो, आणि पुढे त्याचे काय झाले हे त्या विद्यार्थ्याला कधीच कळत नाही.

अमेरिकेत माजी सैनिकांसाठी एक स्वतंत्र सरकारी आरोग्यव्यवस्था आहे. सगळे तिला ‘व्हीए’ म्हणतात. तिथे मी रुग्ण तपासतो आणि वैद्यकीय विद्यार्थ्यांना मेडिसिन शिकवतो. या कामातून माझे एक मत पक्के झाले आहे. माजी सैनिकावर उपचार करायला शिकायचे, तर विद्यार्थ्याने त्याच रुग्णांबरोबर निदान वर्षभर राहायला हवे.

सैनिकाच्या आजाराला उगवायला वेळ लागतो, हे त्याचे मोठे कारण. व्हिएतनामच्या युद्धात जंगलातली झाडी हटवण्यासाठी 1962 ते 1971 या काळात अमेरिकी सैन्याने ‘एजंट ऑरेंज’सारखी तणनाशके फवारली. एजंट ऑरेंजमध्ये डायॉक्सिन हे विषारी द्रव्य होते. टाइप टू मधुमेहाचा त्याच्याशी असलेला संबंध व्हीएने मान्य केला तो 2001 मध्ये. हृदयविकार आणि पार्किन्सन 2010 मध्ये मान्य आजारांच्या यादीत आले, तर उच्च रक्तदाब 2022 च्या कायद्याने. विशीत फवारणीखाली उभ्या राहिलेल्या जवानाला न्याय मिळेपर्यंत त्याने सत्तरी गाठलेली होती. मनाच्या जखमांचेही तेच. आघातानंतरच्या मानसिक तणाव-विकाराला, म्हणजे ‘पीटीएसडी’ला, अमेरिकी मनोविकार सूचीत स्वतःचे नाव मिळाले 1980 मध्ये, सायगाव पडून ते युद्ध संपल्यावर पाच वर्षांनी. इराक-अफगाणिस्तानातल्या तळांवर उघड्या खड्ड्यांत जाळलेल्या कचऱ्याचा धूर ज्यांनी छातीत घेतला, ती पिढी आत्ता कुठे आमच्या ओपीडीत येऊ लागली आहे.

व्हीए आणि वैद्यकीय महाविद्यालये यांचे नाते दुसऱ्या महायुद्धानंतरचे. लाखो जखमी आणि आजारी सैनिक परतले होते आणि त्यांच्यासाठी चांगले डॉक्टर मिळत नव्हते. तेव्हा जनरल ओमर ब्रॅडली व्हीएचे प्रमुख होते. 30 जानेवारी 1946 च्या धोरणपत्राने व्हीएची रुग्णालये वैद्यकीय महाविद्यालयांशी जोडली गेली. सैनिकांना डॉक्टर मिळाले आणि विद्यार्थ्यांना रुग्ण. आज अमेरिकेतल्या बहुसंख्य डॉक्टरांच्या शिक्षणाचा काही ना काही भाग व्हीएमध्ये झालेला असतो. पण बराच काळ हे शिक्षणही पोस्टिंगच्याच तुकड्यांत होत राहिले.

दुसरी वाट खेड्यांनी दाखवली. मिनेसोटा विद्यापीठाने 1971 मध्ये तिसऱ्या वर्षाच्या विद्यार्थ्यांना अनेक महिने एकाच गावातल्या डॉक्टरांकडे ठेवायला सुरुवात केली. 2004 मध्ये हार्वर्डने केंब्रिजच्या रुग्णालयात हाच विचार शहरात आणला. या पद्धतीत विद्यार्थ्याला वॉर्डाऐवजी माणसे नेमून दिली जातात. आठवड्यात एक सकाळ मेडिसिनची ओपीडी, दुसरी सर्जरीची, तिसरी मनोविकाराची, असे वर्षभर चालते. आपला रुग्ण इमर्जन्सीत आला की विद्यार्थ्याला फोनवर निरोप जातो आणि तो तिकडे धावतो. रुग्ण ऑपरेशनला गेला की विद्यार्थी हात धुऊन टेबलाशी उभा राहतो, आणि घरी गेला की पुढच्या तपासणीला पुन्हा भेटतो.

व्हीएची घडण या शिक्षणाला फार सोयीची आहे. रुग्ण वर्षानुवर्षे तेच असतात. ओपीडी, शस्त्रक्रिया, मानसोपचार आणि सामाजिक कार्यकर्ते एकाच व्यवस्थेत असतात आणि सगळी टिपणे एकाच संगणकीय केसपेपरवर उमटतात.

एका रुग्णाची हकिकत सांगतो. ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत. आजोबा सत्तरीतले, व्हिएतनामला जाऊन आलेले, पुढे आयुष्यभर ट्रक चालवलेले. पत्नी गेल्यापासून एकटेच राहत. मधुमेह जुना, पायाच्या बोटाला जखम. माझ्या विद्यार्थिनीने त्यांना प्रथम पाहिले ते ओपीडीत, तळव्यांची संवेदना तपासताना. मग रक्तवाहिन्यांच्या तज्ज्ञांकडे ती त्यांच्यासोबत गेली. संसर्ग हाडापर्यंत गेल्याने बोट काढावे लागले, तेव्हा शस्त्रक्रियागृहातल्या मास्कमागच्या चेहऱ्यांत त्यांच्या ओळखीचा तो एकच होता.

जखम भरली, पण साखर काही खाली येईना. दर तपासणीला कुणीतरी इन्शुलिनचा डोस वाढवी आणि साखर होती तिथेच राही. काही महिन्यांच्या ओळखीनंतर एकदा ड्रेसिंग चालू असताना आजोबांनी तिला सांगितले, की संध्याकाळचे इन्शुलिन ते घेतच नाहीत. रात्री अचानक दरदरून घाम फुटतो, छाती धडधडते. साखर एकदम उतरली आणि घरात कुणी नसताना आपण बेशुद्ध पडलो तर? म्हणून इन्शुलिन बंद. तिने एवढेच सुचवले, की पुढच्या वेळी जाग आली की बोट टोचून साखर पाहा आणि लिहून ठेवा. आजोबांनी वही आणली. जाग आली त्या प्रत्येक रात्रीचा आकडा दोनशेच्या वर होता. साखर उतरत नव्हती. घाम होता तो स्वप्नांचा, पन्नास वर्षांपूर्वीच्या युद्धाच्या स्वप्नांचा. पत्नीखेरीज कुणाला ती ठाऊक नव्हती. मानसोपचार सुरू झाले, भीती ओसरली, संध्याकाळचे इन्शुलिनही सुरू झाले. हे निदान कुठल्याही महागड्या तपासणीने झाले नसते. त्याला विश्वास लागला आणि विश्वासाला महिने लागले.

सैनिकाला त्याच्या युद्धाबद्दल विचारायलाही शिकवावे लागते. व्हीएने विद्यार्थ्यांसाठी खिशात मावणारे एक कार्ड काढले आहे. तुम्ही कुठे होतात, केव्हा होतात, काम काय करत होतात, त्याबद्दल बोललेले चालेल का, असे साधे प्रश्न त्यावर आहेत. 2013 मध्ये विस्कॉन्सिनमधल्या मॅडिसनच्या व्हीए रुग्णालयात आणखी एक सुंदर उपक्रम सुरू झाला. रुग्णाशी निवांत बोलून त्याची जीवनकहाणी त्याच्याच शब्दांत लिहायची, त्याला वाचून दाखवायची, आणि त्याची संमती मिळाली की केसपेपरमध्ये जोडायची. अनेक ठिकाणी हे काम विद्यार्थी करतात. रक्ताच्या अहवालांशेजारी एका माणसाचे बालपण, लग्न आणि युद्ध वाचलेला डॉक्टर त्याच्या खोलीत वेगळ्या पावलांनी शिरतो.

या पद्धतीवरचे आक्षेप मला ठाऊक आहेत. वेळापत्रक बसवताना दमछाक होते, शिक्षकांचा वेळ जातो. व्हीएचे रुग्ण मुख्यतः पुरुष आणि वयस्कर, त्यामुळे प्रसूती आणि बालरोग बाहेरच शिकावे लागतात. पण परीक्षेत हे विद्यार्थी मागे पडतात ही भीती खरी ठरलेली नाही. तिसऱ्या वर्षात विद्यार्थ्यांची सहानुभूती घटते, असे फिलाडेल्फियाच्या जेफरसन वैद्यकीय महाविद्यालयातील 2009 च्या अभ्यासात दिसले होते. माझ्या मते ती घट विद्यार्थ्यांच्या स्वभावातून आलेली नाही. माणसांशी नाते जुळायच्या आत त्यांना पुढच्या वॉर्डात हलवणाऱ्या वेळापत्रकाचा त्यात मोठा हात आहे.

आपल्याकडे हे करता येईल का? माझे उत्तर आहे, येईल, आणि जवळजवळ नव्या खर्चाशिवाय. भारतातला जवान चाळिशीच्या आसपास निवृत्त होतो. म्हणजे आजार उगवायला पुढे तीन-चार दशके असतात. त्याच्यासाठी 2003 पासून ईसीएचएस ही माजी सैनिकांची आरोग्ययोजना आणि तिचे पॉलिक्लिनिक आहेत. दुसरीकडे राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने एमबीबीएसच्या विद्यार्थ्यांना गावातली काही कुटुंबे दत्तक घेऊन त्यांच्या आरोग्याचा पाठपुरावा करायला सांगितले आहे. सातारा जिल्ह्यातल्या अपशिंगे (मिलिटरी) सारख्या गावांत पिढ्यानपिढ्या घराघरांतून माणसे सैन्यात गेली. दत्तक कुटुंबांत अशी माजी सैनिकांची आणि वीरपत्नींची घरे आवर्जून घ्यावीत. तोच विद्यार्थी त्याच घरी शेवटच्या वर्षापर्यंत जावा आणि गरज पडेल तेव्हा रुग्णाबरोबर पॉलिक्लिनिकलाही जावा.

सैनिकी परंपरेच्या जिल्ह्यांतल्या वैद्यकीय महाविद्यालयांच्या अधिष्ठात्यांना आणि जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयांना माझी विनंती आहे: येत्या शैक्षणिक वर्षात एका तुकडीपासून, एका गावापासून सुरुवात करा. आणि तुमच्या घरात कुणी वैद्यकीय विद्यार्थी असेल, तर त्याला गावातल्या एखाद्या निवृत्त सुभेदारांकडे घेऊन जा. पुढच्या महिन्यात पुन्हा जायला सांगा, आणि त्याच्या पुढच्या महिन्यातही.