वाटेवरचा काटा

ईमानच्या सत्तरहून अधिक शाखा आहेत. त्यांतली सर्वांत वरची म्हणजे कलमा आणि सर्वांत खालची म्हणजे वाटेतली त्रासदायक वस्तू बाजूला करणं. ही हदीस आपण मुलांना मक्तबमध्येच शिकवतो. मुलं रस्त्यावरचं काचेचं तुकडं उचलतात, शाबासकी मिळते आणि धडा संपतो. खालची शाखा म्हणून आपण तिला हलकीही समजतो. पण झाडाची खालचीच फांदी आधी हाताला लागते.

आमच्या चांदीपच्या बाजूला तुंगारेश्वरचे डोंगर आहेत. २००३ साली हे जंगल अभयारण्य झालं. बोरिवलीचं संजय गांधी राष्ट्रीय उद्यान आणि तानसाचं जंगल यांना जोडणारा हा दुवा आहे. माझा भाचा कॉलेजच्या मित्रांबरोबर रविवारी तिथे जातो. वनविभागाची परवानगी घेऊन, वनरक्षकाच्या देखरेखीखाली ही मुलं पायवाटा नीट करतात. एकदा मीही त्यांच्याबरोबर गेले.

मला वाटलं होतं, प्लास्टिकच्या बाटल्या गोळा करायच्या असतील. त्या तर होत्याच, पोतीच्या पोती. पण खरं काम पाण्याचं होतं. पायवाटेचा मोठा शत्रू म्हणजे तिच्यावरून धावणारा पावसाळी ओहोळ. म्हणून मुलं चढणीवर दगडांची तिरकी ओळ जमिनीत घट्ट बसवतात. पाणी तिला अडून बाजूच्या झाडीत उतरतं आणि वाटेची माती वाटेवरच राहते. लोक वळण टाळून जिथून सरळ उतरतात, तिथे पहिल्याच पावसात घळ पडते. ती चोरवाट वाळक्या फांद्या टाकून बंद करायची. वाटेवर वाढलेली घाणेरी काढायची, पण झाडाला हात लावायचा नाही, खडकावर रंगाने बाण काढायचे नाहीत आणि पालापाचोळाही झाडून काढायचा नाही, कारण तोच मातीला धरून ठेवतो.

ही अक्कल काही नवी नाही. राष्ट्रीय उद्यानातली कान्हेरीची लेणी पाहा. दोन हजार वर्षांपूर्वी ज्यांनी ती कोरायला घेतली, त्यांनी खडकात पायऱ्या काढल्या आणि पाऊस टाक्यांत नेणाऱ्या पन्हळीही कोरल्या. माणसाने कुठून चालायचं आणि पाण्याने कुठून जायचं, हे दोन्ही त्यांनी ठरवून दिलं.

आमच्या आपाला मात्र हे पटत नव्हतं. घरी सगळे जेवायला बसले असताना ती मुलाला म्हणाली, “अभ्यास सोडून दगड उचलायचे. आणि ती वाट जाते कुठे? देवळाकडे. आपल्या मुलांचं तिथे काय काम?”

मुलगा गप्प बसला. मग मला म्हणाला, “खाला, तुम्हीच सांगा.”

आपाचा प्रश्न टाळण्यासारखा नव्हता. बऱ्याच आयांच्या मनात तो असतो आणि त्यात मुलाची काळजीही असते. मी म्हणाले, “आपा, वाटेवरचं झाड दूर केल्याबद्दल एका माणसाला जन्नत मिळाल्याची हदीस आहे ना? ते झाड कुणाला त्रास देत होतं? हदीसमध्ये शब्द आहे ‘नास’, म्हणजे माणसं. ती कुठे निघाली होती, हे तिथे विचारलेलं नाही. इबादत ज्याची त्याची. घसरून पडणारा पाय मात्र कुणाचाही असू शकतो.”

मग मी जंगलात जे पाहिलं ते तिला सांगितलं. दुपारी त्याच वाटेने दोन आदिवासी बाया डोक्यावर लाकडाची मोळी घेऊन उतरत होत्या. मोळी डोक्यावर असली की पायाखालचं दिसत नाही. पाऊलच जमीन चाचपतं. मुलांनी नुकत्याच बसवलेल्या दगडावर एकीने पाय ठेवला, दगड हलला नाही, आणि ती तशीच पुढे गेली. तिने दगडाकडे पाहिलं नाही, मुलांकडेही नाही. शहरातले लोक डोंगर पाहायला येतात आणि जातात. वाट रोज लागते ती हिला.

आपा थोडा वेळ काही बोलली नाही. मग मुलाला म्हणाली, “पाणी जास्त ने. आणि जोहरची नमाज चुकवू नकोस.”

भगिनींनो, प्रत्येकाने डोंगरावर जावं असं मी म्हणत नाही. प्रेषित मुहम्मद (स.) यांनी रस्त्याचे हक्क सांगितले, त्यांत कुणाला त्रास न देणं हा एक हक्क आहे. लोकांच्या वाटेत आणि सावलीत घाण करण्यापासूनही त्यांनी रोखलं. आपल्या गल्लीतली उघडी गटारं, मशिदीच्या दारात आडव्या लावलेल्या दुचाकी, लग्नाच्या मांडवाने अडलेला रस्ता हे सगळं याच धड्यात येतं. पावसाळ्याआधी एका रविवारी मुलांना घेऊन घरासमोरची वाट तरी पाहावी.

या कामाचे फोटो फारसे निघत नाहीत. दगड नीट बसला, तर तो कुणी बसवला हे कुणाला कळतही नाही. ज्याला कळायला हवं त्याला कळतं. अल्लाह आपल्या मुलांच्या हातून अशी नेकी घडवो. आमीन.