अंगावर राहील तोच सूट

पुणे, १८ मे

प्रिय मुक्ता,


तुझं पत्र रात्री वाचलं आणि सकाळी उठून पुन्हा वाचलं. मोटारसायकलवर लडाखला एकटी जाण्याबद्दल मी आता काही बोलणार नाही. तो वाद दिवाळीत संपला आणि तू जिंकलीस. तू विचारलंस ते एवढंच, की मयूरेशने म्युनिकहून सुचवलेला तीन थरांचा लॅमिनेटेड सूट घेऊ का, आणि घेतला तर काळा की करडा. पण पुढे सहज लिहून गेलीस की पाऊस आत शिरला नाही की बाकी सगळं निभतं, आणि पँट फक्त घाटात नि हायवेला घालेन, गावात जीन्स पुरे. या दोन वाक्यांनी माझी झोप उडवली. रंगाचं ओघात येईलच. आधी हे शांतपणे वाच, आणि आजीला करतेस तसं नुसतं ‘हो हो’ करू नकोस.

माझं म्हणणं साधं आहे. सूट हा आधी पडण्यासाठी असतो, हवामानासाठी नंतर. आणि पडताना तो अंगावर असला तरच त्याचा उपयोग. पाऊस लागला म्हणून जॅकेट काढून मागच्या सीटला बांधणारा माणूस नसतो. उकाड्याने जीव घाबरा झाला की मात्र भलेभले बांधतात. म्हणून आपल्या देशात सूट निवडताना पावसाच्या आधी उकाड्याचा हिशेब करावा लागतो. तुझ्या यादीत ‘किती वॉटरप्रूफ’ पहिल्या ओळीत आहे आणि हवेचा विचार कुठेच नाही. हॅरी हर्ट यांच्या पथकाने लॉस एंजेलिस परिसरातले ९०० मोटारसायकल अपघात जागेवर जाऊन तपासले, तो अहवाल १९८१ चा. त्यात हवामानाचा अपघाताशी संबंध नव्हता अशा घटना ९८ टक्के. टक्कर होताना मध्यम वेग ताशी ३५ किलोमीटरच्या आसपास. बहुतेक फेऱ्या छोट्या, कामाधामाच्या, आणि अपघात निघाल्या ठिकाणापासून फार लांब नाही. तू म्हणशील, चाळीस वर्षांपूर्वीचं अमेरिकेतलं शहर, त्याचा आपल्याशी काय संबंध? आकडे जसेच्या तसे इथे बसवायला मीही सांगत नाही. पण त्यामागचं कारण देश ओलांडल्याने बदलत नाही. गाड्या चौकात एकमेकींच्या आडव्या येतात, कोणीतरी न बघता वळतं, आणि हे कोरड्या, उजेडी, ओळखीच्या रस्त्यावर होतं. आपल्याकडे २०२२ मध्ये रस्त्यांवर १,६८,४९१ माणसं गेली, त्यातली ४४.५ टक्के दुचाकीवरची. ही सगळी काही डोंगरखिंडीत गेलेली नाहीत. तू पॅनियर भरून खारदुंग ला चढशील तेव्हा मला जेवढी काळजी असेल, तेवढीच लेहच्या बाजारात जर्दाळू आणायला जीन्सवर निघशील तेव्हाही असेल.

पँटचा विषय मी मुद्दाम वेगळा काढते, कारण सगळेच जॅकेटवर खर्च करतात आणि पँट उरलेल्या पैशात घेतात. लिझ दे रोम आणि सहकाऱ्यांनी ऑस्ट्रेलियात अपघात झालेल्या २१२ चालकांचा अभ्यास केला. तो २०११ मध्ये प्रसिद्ध झाला. मोटारसायकलसाठीचं जॅकेट घातलेल्यांना रुग्णालयात दाखल व्हावं लागण्याची शक्यता २१ टक्के कमी, पँट घातलेल्यांना ५१ टक्के, हातमोजे घातलेल्यांना ५९ टक्के. यावर नेहमीचा आक्षेप असा, की असे कपडे घालणारी माणसं मुळात जपून चालवतात, मग श्रेय कपड्यांना का द्यायचं? पण इथे तुलना पडलेल्यांचीच पडलेल्यांशी होती. न पडण्याचं श्रेय कुणी कपड्यांना दिलेलंच नाही. दोन गोष्टी मी लपवणार नाही. आर्मरमुळे, म्हणजे खांदे-गुडघ्यांवरच्या संरक्षक पॅडमुळे, हाडं मोडणं कमी होतं असं त्या अभ्यासात दिसलं नाही, आणि घातलेल्या जॅकेट-पँटपैकी चौथ्या हिश्श्याहून जास्त कपडे अपघातात फाटले किंवा उसवले. म्हणजे सूट चिलखत नाही, आणि वाटेल तो सूट चालत नाही. तो कातडी आणि मांस वाचवतो. पांग किंवा सार्चूला, जिथून मोठं इस्पितळ कित्येक तासांवर आहे, तिथे मांडीची कातडी शाबूत असणं ही किरकोळ गोष्ट नव्हे.

आता मयूरेशच्या सूटकडे येऊ. तो वाईट सूट सुचवतोय असं माझं म्हणणं नाही. आल्प्समध्ये दिवसातून चार वेळा हवा बदलते, पारा दहा ते वीसच्या मध्ये असतो, तिथे बाहेरच्या कापडालाच पाणी अडवणारं पटल चिकटवलेला लॅमिनेटेड सूट उत्तम. बाहेरचं कापड पाणी धरत नाही, थांबून काही चढवावं लागत नाही. पण ते पटल ‘श्वास घेतं’ म्हणजे काय, हे कंपनीचं माहितीपत्रक सांगत नाही. घामाची वाफ बाहेर पडते ती आतल्या आणि बाहेरच्या बाष्पदाबातल्या फरकामुळे. घामेजलेल्या त्वचेजवळ, ३४ अंशांना, तो दाब साधारण ५.३ किलोपास्कल. तुझ्या वाटेवरच्या वापी-सुरतच्या पट्ट्यात पावसाळ्यात २७ अंश आणि ९५ टक्के आर्द्रता धर. बाहेरचा दाब ३.४ च्या आसपास. वाफ ढकलायला उरले दोनाहूनही कमी. लेहच्या वाटेवर ५ अंश आणि ५० टक्के आर्द्रता असेल तर बाहेर अर्ध्याहूनही कमी, म्हणजे फरक पावणेपाचच्या वर. तोच सूट, तेच पटल, पण किनाऱ्यावर ते अडीच पटींनी कमी काम करतं. त्यात बाहेरच्या कापडावरचं पाणी झटकणारं लेपन झिजलं आणि कापड भिजून बसलं, तर तेवढंही नाही. पावसाचा थेंब आत येणार नाही आणि तू घामाने तितकीच भिजशील. व्हेंट असतात हे खरं, पण वारा फक्त त्या झिपांपुरता. बाकी सगळं अंग बंद. जूनच्या शेवटी अहमदाबाद सोडून उदयपूरकडे निघशील तेव्हा सकाळी अकरालाच ते जॅकेट मागे बांधलं जाईल, हे मी आत्ताच लिहून देते.

मग काय घ्यायचं? बाहेरचा सूट असा, की छाती, बाह्या आणि मांड्यांवर मोठ्या जाळीच्या किंवा झिपेच्या खिडक्या, पाठीवर हवा बाहेर जायला वाट, आणि खांदे, कोपर, कुल्ले, गुडघे इथे दाट विणीचं मजबूत नायलॉन. पाणी अडवायचं काम त्याच्याकडून काढून घे. त्यासाठी वरून चढवायचा वेगळा रेनसूट ठेव, मापाने एक नंबर मोठा, बुटांसकट पाय जाईल एवढ्या लांब झिपेचा. आतून बटणांनी लावायचा रेन लायनर नको. तो लावायला रस्त्याच्या कडेला जॅकेट-पँट उतरवावी लागते, आणि तो लावूनही बाहेरचं कापड भिजून जड होतं, खिसे भिजतात, आणि ओलं कापड वाऱ्यात सुकताना तुझ्या अंगातली ऊब ओढून घेतं. रेनसूट वरून असला की आतलं सगळं कोरडं. शिवाय थंडीत तोच वारा अडवतो, आणि तुझा खरा फायदा तिथेच आहे. उंची दर हजार मीटरला साधारण साडेसहा अंश खाते. मनालीपासून तांगलांग लापर्यंत तू तीन हजार मीटरहून जास्त चढणार, म्हणजे वीसेक अंशांचा फरक. पाच अंशांत ताशी ६० ने गेलीस तर उघड्या कातडीला ते उणे दोनसारखं लागतं. त्यासाठी आत थर्मल, त्यावर पातळ डाउन जॅकेट, मग सूट, वर रेनसूट. मनालीला उतरलीस की सगळं सुटं करून पिशवीत. आणि रंग: सूट हवा तर करडा घे, पण रेनसूट झगझगीत पिवळाच. पावसात ट्रकवाल्याला काळ्या कपड्यांतली मुलगी काळ्या रस्त्यावर दिसत नाही. रेनसूट सायलेन्सरला टेकू देऊ नकोस, वितळतो. आणि हातमोज्यांवरून बाही घाल, नाहीतर सगळं पाणी मोज्यात जमतं.

तुझे आक्षेप मला दिसताहेत. पहिला, जाळीचा सूट कमी मजबूत. काही जाळीचे सूट असतातच, म्हणून शब्दावर न जाता लेबल बघ. युरोपातलं एन १७०९२ हे मानक २०२० पासून आहे. त्यात ट्रिपल ए, डबल ए आणि ए असे वर्ग आहेत. घासण्याच्या यंत्रावर सर्वांत धोक्याच्या भागाची चाचणी अनुक्रमे ताशी १२०, ७० आणि ४५ किलोमीटर वेगाला होते. बी वर्गात आर्मर नसतं, सी म्हणजे नुसतं आर्मर धरून ठेवणारं आतलं वस्त्र. यंत्रावरचा वेग म्हणजे रस्त्यावरची हमी नव्हे, पण तुलना करायला तेवढं पुरतं. हवेशीर आणि डबल ए असे सूट मिळतात. आपली हवा ओळखून कपडे करणाऱ्या रायनॉक्स, व्हायाटेरा यांचंही बघ. दुसरा आक्षेप, थांबून रेनसूट चढवायचा कंटाळा. कंटाळा खरा आहे, आणि ‘आत्ता थांबेल’ म्हणत माणूस भिजतो. त्यावर शिस्त हाच उपाय: ढग भरले की चहाच्या टपरीवर चढवायचा, पहिल्या सरीची वाट बघायची नाही. लॅमिनेटने ही पाच मिनिटं वाचतात हे मी मान्य करते. पण त्या बदल्यात तो सूट तुझ्याकडून उन्हाचे अख्खे दिवस घेतो. तिसरा, राजस्थानात चाळीसच्या वर पारा गेला तर जाळीही भाजते. बरोबर. हवा त्वचेहून गरम झाली की जास्त वारा म्हणजे जास्त उष्णता. तेव्हा आतला सुती शर्ट ओला कर, व्हेंट निम्मे बंद कर, पाणी पीत राहा आणि दुपारी बारा ते चार चालवूच नकोस. यातही जॅकेट काढायचं कलम नाही.

टेक्स्टाइल, म्हणजे कापडी, सूटची सुरुवातही मला माझ्या बाजूची वाटते. अँडी गोल्डफाइन यांनी १९८३ मध्ये अमेरिकेत, मिनेसोटातल्या डुलुथला, एरोस्टिचचा रोडक्राफ्टर काढला. तो वॉटरप्रूफ होता, कारण ते गाव लेक सुपीरियरच्या काठावरचं, थंड. पण त्यामागचा विचार होता रोज कामाला जाण्याचा: नेहमीच्या कपड्यांवर चटकन चढेल, पोचल्यावर चटकन उतरेल. लांबच्या सफरींचं वलय त्याला मागाहून आलं. त्यांनी त्यांच्या हवेत रोज घालवेल असं केलं, आपण आपल्या हवेत रोज घालवेल असं निवडायचं.

मापाचं मात्र दुकानातच बघ, ऑनलाइन नको. बायकांच्या मापाच्या पँटी कमी मिळतात म्हणून पुरुषांची लहान साइज गळ्यात मारतील, घेऊ नकोस. तुझ्या मोटारसायकलएवढ्या उंचीच्या गाडीवर बस, मग बघ गुडघ्याचं आर्मर गुडघ्यावरच येतं का. उभं असताना बरोबर वाटणारं आर्मर बसल्यावर सरकतं. कोपराचं आर्मर हाताने फिरवून बघ. तुझ्या हाताने फिरलं तर डांबरावर घासताना ते तिथे राहणार नाही. आर्मरवर लेव्हल २ असेल तर उत्तम. त्यातून पलीकडे जाणारा सरासरी आघात २० किलोन्यूटनच्या आत हवा, लेव्हल १ ला ३५ पर्यंत चालतो. टी प्लस खूण असली तर ते ४० अंशांतही तपासलेलं असतं, आणि आपल्याकडे ती खूण महत्त्वाची. पाठीच्या खिशात बऱ्याचदा नुसता फोमचा तुकडा असतो, तो काढून खरं आर्मर घाल. जॅकेट आणि पँट जोडणारी झिप कमरेभोवती पूर्ण फिरते का, तेही बघ.

एवढं लिहून झालं तरी मनातली धाकधूक काही कमी होत नाही. कागदावर पटलेलं रस्त्यावर विसरतेस, हे मला नव्याने कळायला नको. पैसे पुरत नसतील तर तडजोड जॅकेटमध्ये कर, पँटमध्ये नाही. पँट डबल ए चीच घे आणि तिचे पैसे माझ्याकडून घे, वाद नको. घेतल्या दिवसापासूनच ती घालून ऑफिसला जा, भाजीला जा, मैत्रिणीकडे जा. निघायला अजून महिन्याहून जास्त वेळ आहे. तेवढ्यात ती या पुण्याच्या मे महिन्यात अंगवळणी पडली नाही, तर सूट चुकला असं समज आणि बदलून घे. दुकानात जाशील तेव्हा मला फोन कर.

तुझी,
आत्या